आज्जाच्या फोटोतली फियाट नक्की कुठली? आणि तिचं मॉडेल कुठं मिळंल?

टिळकवाडी_पोरगा

नमस्कार मंडळी. घर रंगवायला काढलंय म्हणून माळ्यावरचं सगळं खाली आणलं, त्यात आज्जाच्या ट्रंकेत एक कृष्णधवल फोटो सापडला. किल्ल्याच्या बाजूला कुठंतरी काढलेला आहे, आज्जा, आज्जी, दोन आत्या आणि मागं गाडी. गाडीचं पुढचं तोंड आत्यांच्या फ्रॉकमागं अर्धं झाकलंय आणि नंबर प्लेटवर कुणाचा तरी पाय आलाय. बाबा म्हणतात डुक्कर फियाट, मामा म्हणतात छे, पद्मिनी हुती ती, आम्ही बसलोय की त्यात. दोघांचं जेवताना भांडण सुरू आहे आणि मला कायच कळंना झालंय, कारण मला गोल दिसणारी सगळी जुनी गाडी म्हणजे फियाट.

दुसरं, दिवाळीला बाबांना तिचं छोटं मॉडेल द्यायचा विचार आहे. ऑनलाइन बघायलोय तर १:१८, १:४३, १:६४ (म्हणजे खऱ्या गाडीचा अठरावा, त्रेचाळिसावा, चौसष्टावा भाग) असलं काय काय येतंय. कुठला घ्यावा? शोकेसमध्ये ठेवायचं आहे, खेळायला नव्हे.

आणि तिसरं, त्याच ट्रंकेत एक धातूची छोटी गाडी पण आहे. चांगली वजनदार, फोक्सवॅगनसारखी वाटते पण बीटल नव्हे, चौकोनी आहे. खाली निकी टॉइज असं उठवलेलं आहे. एक टायर नाही, रंग उडालाय. मित्र म्हणाला स्प्रे मारून नवी करूया. मारू का?

शहापूरचे_काका

आधी स्प्रेचा डबा बाजूला ठेव. त्याच्याकडं नंतर येतो.

फोटोत गाडीची बाजू दिसते का? दिसत असेल तर एकच बघ, पुढच्या दाराचं हँडल कुठं आहे. दाराच्या पुढच्या टोकाला, म्हणजे काचेकडं आहे की मागच्या टोकाला आहे? डुक्कर फियाटला पुढची दारं उलटी उघडायची, पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या एकाच खांबावर. त्यामुळं पुढच्या दाराचं हँडल पुढच्या बाजूला असतं. पद्मिनीला दारं आपल्या आजच्या गाड्यांसारखी, हँडल मागं. फोटो कितीही धुरकट असला तरी हँडलचा चकाकता ठिपका दिसतोच दिसतो.

आणि फोटोमागं साल लिहिलंय का बघ. पद्मिनी हे नाव गाडीला सत्तरच्या दशकात लागलं. त्याच्या आधी १९६४ पासून तीच गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातनं निघायची, मधी थोडा काळ प्रेसिडेंट नाव होतं. त्यामुळं आत्या फ्रॉकमध्ये असताना पद्मिनी असायची शक्यता मामांच्या आठवणीपुरतीच.

निपाणी_अँबी

अवो काका, ह्या फियाटच्या नादात कशाला पोराला घालायलाय. फियाट म्हणजे गावातल्या डॉक्टर-वकिलांची गाडी, आमच्याकडं तंबाखूवाल्यांच्या दारात बघितली ती सगळी अँबॅसडर, मागं चार बसली तरी पाचवा म्हणायचा सरका जरा. मॉडेल घ्यायचंच तर अँबीचं घे भावा, सेंटी कंपनीची प्लॅस्टिकची, मागं ओढून सोडायची गाडी कुठल्या बी खेळण्याच्या दुकानात मिळती, पांढरी घ्यायची, लाल दिवा लावायचा, झालं.

आणि एक सांगून ठेवतो, लोक सगळ्या अँबॅसडरला एकच समजत्यात, तसं नव्हं. १९६३ च्या सुमाराची मार्क टू, तिला पुढं तोंडावर बारीक चौकटीची जाळी. १९७५ ची मार्क थ्री, तिला आडव्या पट्ट्या. १९७९ ला मार्क फोर आली, तिची जाळी आखूड आणि पार्किंगचे दिवे चौकोनी. जाळी बघूनच साल सांगायचं. त्याच्या आधीची लँडमास्टर तर वेगळीच, ती मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू वरनं काढलेली आणि अँबॅसडर सिरीज थ्री वरनं. मे २०१४ ला कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात शेवटची निघाली, त्या दिवशी आमच्या गॅरेजवाल्या मेस्त्रीनं दुपारीच शटर खाली केलं.

टिळकवाडी_पोरगा

काका, मोबाइलनं फोटोचा फोटो काढून मोठा करून बघितला. हँडल पुढं आहे! अगदी पुढच्या काचेच्या खांबाजवळ. आणि फोटोमागं स्टुडिओचा शिक्का आहे, त्यात शाईनं १९५८ लिहिलंय. बाबा जिंकले. मामांना सांगितलं तर म्हणाले मग दुसरी असंल.

निपाणीवाल्या भाऊ, अँबॅसडर पण घेईन की पुढं, पण आज्जाची अँबॅसडर नव्हती.

शहापूरचे_काका

१९५८ आणि उलटं दार, म्हणजे फियाट अकराशे-एकशेतीन (११००-१०३, आपली डुक्कर फियाट) घराण्यातलीच. इटलीत ही गाडी १९५३ ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टेअरिंगला, आणि वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नसलेली फियाटची पहिली अकराशे. आपल्याकडं प्रीमियरनं जुळणी सुरू केली. नंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत गेली आणि मागं हळूहळू पंखांसारखे कोपरे वर आले. तुझ्या फोटोत मागचा भाग गोल आणि उतरता असेल तर अगदी आधीची, कोपरे उभे असतील तर नंतरची. हे फोटो बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

आता मॉडेलचं. तू शोधायलास डुक्कर फियाट, प्रीमियर, इंडिया असं लिहून, बरोबर? त्यानं कायच सापडणार नाही. आपल्या जुन्या गाड्यांची मॉडेलं शोधायची तर आपलं नाव विसरायचं आणि गाडीचं माहेर शोधायचं. डुक्कर फियाट म्हणजे फियाट ११००-१०३, तेवढंच लिही. इटलीत पेपरच्या स्टॉलवर अंकाबरोबर एक गाडी देणाऱ्या मालिका निघतात, बहुतेक १:४३ मध्ये, त्या जुन्या बाजारात बऱ्यापैकी फिरत असतात आणि त्यात फियाटचं घराणं भरपूर असतं. बॉडी तीच. फरक सगळा आत आणि बारीक गोष्टींत.

पहिला फरक, इटलीची गाडी म्हणजे स्टेअरिंग डावीकडं. आज्जाच्या गाडीत उजवीकडं. हे कुणी बघत नाही असं लोक म्हणतात, पण ज्यानं ती गाडी चालवलेली असते तो पहिलं तेच बघतो. १:४३ मध्ये आतली सीट आणि डॅशबोर्ड बहुतेक वेळा वेगळा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, खालचे स्क्रू काढले की बाहेर येतो. स्टेअरिंग उपसायचं, भोक बुजवायचं, उजवीकडं नवं पाडायचं आणि हँड गिअरच्या दांडीसाठी टाचणीचा तुकडा लावायचा.

दुसरं, टीव्ही लिहिलेली घेऊ नको. म्हणजे टूरिस्मो व्हेलोचे, ती वेगवान आवृत्ती, तिला जाळीच्या मधोमध तिसरा दिवा असतो. ह्या गाड्या मिल्ले मिलिया शर्यतीत धावल्या म्हणून मॉडेलवाल्यांचा त्यांच्यावर जीव, दारावर मोठे आकडे रंगवलेल्या मिळतात. आज्जाच्या गाडीच्या दारावर शर्यतीचा नंबर बघून बाबा काय म्हणतील ते तू बघ.

माहेर शोधायचा हा नियम सगळीकडं चालतो. प्रीमियर ११८ एनई पाहिजे? फियाट १२४ बघ, आणि ती पण नाही मिळाली तर रशियाची लाडा २१०१ बघ, ती पण १२४ वरूनच काढलेली आहे आणि तिची मॉडेलं पोत्यानं मिळतात. ११८ एनई मधलं एनई म्हणजे निसान इंजिन, ते बोनेटखाली, मॉडेलला फरक पडत नाही. स्टँडर्ड २००० म्हणजे बाहेरून रोव्हर एसडी-वन. कॉन्टेसा म्हणजे व्हॉक्सहॉल व्हिक्टरची शेवटची पिढी, ही मात्र शोधायला दमवते. अडतं ते हेरल्डला. ट्रायम्फ हेरल्डचं मॉडेल डिंकीनं (इंग्लंडची खेळण्यातल्या गाड्यांची कंपनी) १९५९ लाच काढलं, १८९ नंबर, पण ती दोन दारांची. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड पहिल्यांदा दोन दारांची होती तोपर्यंत ठीक, पुढं त्यांनी चार दारांची काढली, ती जगात दुसरीकडं कुठं झालीच नाही. तिथं माहेर नाहीच, घरीच करायला लागतं.

निपाणी_अँबी

मग अँबीचं माहेर मॉरिस ऑक्सफर्ड थ्री. तेवढं राहिलं सांगायचं काका तुमच्या यादीत, मुद्दाम ना?

शहापूरचे_काका

होय.

उद्यमबाग_पॅटर्नवाला

मी फौंड्रीत पॅटर्नशॉपला आहे, मॉडेलचा नाद घरचा. स्केलचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहायलोय.

१:४३ हा आकडा असा वाकडा का, ४० का नाही, ५० का नाही, तर त्याचं मूळ रेल्वेत आहे. इंग्लंडात ओ गेजच्या खेळण्यातल्या रेल्वेला एका फुटाला सात मिलिमीटर असं माप होतं. एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी, त्याला ७ नं भागलं की ४३.५ येतं. हॉर्नबीवाल्यांनी रेल्वेच्या स्टेशनबाहेर ठेवायला म्हणून गाड्या काढल्या, त्याच पुढं १९३४ ला डिंकी झाल्या. स्टेशनासाठी केलेली गाडी स्टेशनापेक्षा मोठी झाली.

आता तुझी डुक्कर फियाट खरी ३.७७ मीटरच्या आसपास. १:१८ ला २१ सेंमी, १:४३ ला ८.८ सेंमी, १:६४ ला ६ सेंमीपेक्षा थोडी कमी. घरच्या शोकेसला, देवाच्या फोटोशेजारी ठेवायला १:४३ योग्य. १:१८ मध्ये दारं उघडतात, इंजिन दिसतं, पण पैसे पण तसेच आणि जुन्या भारतीय गाड्यांच्या माहेरच्या गाड्यासुद्धा त्यात फार नाहीत. १:६४ ला स्टेअरिंग इकडचं तिकडं करायचं म्हणजे घड्याळजी व्हायला लागतंय.

निकीची गाडी आहे त्याबद्दल एक धातूचं बोलतो. ह्या गाड्या आमच्यासारख्या बिडाच्या नसतात. आम्ही वाळूच्या साच्यात १४०० डिग्रीच्या आसपास बीड ओततो, ह्या झामॅकच्या असतात, म्हणजे जस्त, त्यात थोडं अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं. ३८५ डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणून पोलादी डायमध्ये (साच्यात) दाबानं भरून एकाच डायमधनं ढिगानं काढता येतात. पण जस्तात शिसं मिसळलं, भट्टीत थोडंसं जरी गेलं, की कण्याकण्यांमधनं गंज चढतो, वर्षं गेली की गाडी फुगते, केसासारख्या चिरा पडतात आणि एक दिवस हातात भुगा. युद्धाच्या आधीच्या डिंक्यांत हे भरपूर झालंय. एकदा सुरू झालं की औषध नाही. ओलावा त्याला आवडतो, आणि आपल्या बेळगावच्या पावसात माळ्यावर ठेवलेली वस्तू म्हणजे विचारूच नको. तुझी गाडी उन्हात धरून भिंगानं बघ, रंग उडालेल्या जागी चिरा आहेत का. नसतील तर सिलिका जेलची पुडी टाकून कपाटात ठेव. तेल-बिल लावू नको.

खानापूर_६४

मी हॉट व्हील्सवाला आहे म्हणून मोठी माणसं मला गिनत नाहीत तरी बोलतो 😄

१:६४ ला एवढं पण कमी लेखू नका. फक्त एक माहिती असू दे, हॉट व्हील्सवर १:६४ लिहितात पण ते खरं माप नव्हे, पाकिटात बसेल तेवढी गाडी असा हिशोब आहे, म्हणून ट्रक पण सात सेंटिमीटरचा आणि मिनी पण जवळजवळ तेवढीच. शेजारी शेजारी ठेवलं की हसू येतं. आणि खाली जे साल असतं ते गाडी तयार झालेलं साल नव्हे, ते त्या डिझाइनचं कॉपीराइटचं साल. इकडं दुकानदार खाली जुनं साल दाखवून जुनी आहे म्हणून जास्त पैसे मागतात, देऊ नका. ट्रेझर हंट (हॉट व्हील्सच्या कमी निघणाऱ्या खास गाड्या) असेल तर पाकिटावर बघा, सुपरवाली असेल तर चमकणारा स्पेक्ट्राफ्लेम रंग आणि खरे रबरी टायर असतात, आणि अंगावर टी एच कुठंतरी असतंच.

पण निकीच्या गाडीबद्दल माझं मत वेगळं आहे. टायर नाही, रंग गेलाय, म्हणजे मिंट कंडिशनची (कोऱ्या गाडीची) किंमत गेलीच. मग रंग का नको? मी कितीतरी गाड्यांचा खालचा रिव्हेट ड्रिल करून, रंग काढून, प्रायमर मारून नव्या केल्यात, मस्त दिसतात. घरच्यांना दाखवायची आहे, विकायची नाही.

शहापूरचे_काका

खानापूर, तुझ्या हॉट व्हील्स हजारांनी आहेत, एक रंगवलीस तर दुसरी मिळते. ही तशी नव्हे.

निकी टॉइज म्हणजे काय ते पोराला सांगतो. साठच्या दशकाच्या अखेरीला डिंकीवाल्यांनी आपले जुने झालेले साचे कलकत्त्याला विकले. तिथं त्याच साच्यांतून निकी नावानं गाड्या निघू लागल्या. म्हणजे लिव्हरपूलचा साचा आणि कलकत्त्याचा धातू. रंग थोडे जाड, चाकं थोडी वेगळी, पण आकार तंतोतंत. डिंकीच्या यादीत फोक्सवॅगन १५०० होतीच, १४४ नंबरची, चौकोनी, त्यामुळं तुझी तीच असावी. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ ला बंद पडला. आज बाहेरच्या देशांतले संग्राहक निकीच्या गाड्या मुद्दाम शोधतात आणि त्यांना तो जाड, ओबडधोबड कलकत्त्याचा रंगच पाहिजे असतो. तो घासलास की राहिली काय, साधी डिंकीची नक्कल.

शिवाय त्याचे टवके तुझ्या बाबांनी नाहीतर आत्यांनी पाडलेले असणार. टायर तेवढा घाल, जुन्या डिंकीच्या मापाचे बदली टायर मिळतात. काढता येण्यासारखी दुरुस्ती करायला हरकत नाही, रंग काढता येत नाही.

खानापूर_६४

हे टवक्यांचं पटलं. बाकी माझा हात शिवशिवतो तो शिवशिवतोच.

उद्यमबाग_पॅटर्नवाला

काकांशी सहमत. रंग काढायला स्ट्रिपर लावलास आणि खाली चिरा निघाल्या तर परत रंग पण नीट बसणार नाही.

टिळकवाडी_पोरगा

भिंगानं बघितलं, चिरा नाहीत. खाली मेड इन इंडिया पण दिसलं. बाबांना विचारलं कुणी पाडले टवके, तर त्यांनी थोरल्या आत्याचं नाव घेतलं आणि आत्याला फोन लावला तर तिनं बाबांचं. रंगवत नाही, ठरलं.

मॉडेलपण ठरलं, १:४३ ची अकराशे-एकशेतीन, मधला दिवा नसलेली. एक जुन्या बाजारात दिसायलीय पण ती फिकट हिरवी आहे. आज्जाची कुठल्या रंगाची हुती हे कसं कळायचं? फोटो काळापांढरा. बाबा म्हणतात निळसर, आत्या म्हणते राखाडी, मामांना विचारलंच नाही.

निपाणी_अँबी

काळ्यापांढऱ्या फोटोत निळा, राखाडी, हिरवा सगळं सारखंच दिसतंय बाबा, त्यावरनं सांगणारा खोटं सांगतोय. आर.सी. बुक बघ ट्रंकेत. जुन्या आर.सी. बुकात बॉडीच्या रंगाचा रकाना असायचा. आमच्या मेस्त्रीकडं गाड्यांबरोबर आलेली असली पुस्तकं पडून आहेत, वाळवी लागलेली, पण रंग, इंजिन नंबर, चॅसी नंबर सगळं हातानं लिहिलेलं.

आणि नंबर पण कळंल. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव मुंबई राज्यात हुतं, त्याच्यानंतर म्हैसूर. एम वाय नं सुरू होणारा नंबर असला तर नोंदणी म्हैसूर राज्याची, म्हणजे गाडी ५६ नंतर इकडं चढलेली. आत्ताचा के ए २२ वगैरे प्रकार १९८९ ला लागू झालेल्या नव्या कायद्यानंतरचा. नंबर प्लेटवरनं सीमावाद काढायचा नाही हां इथं, गाडीबद्दलच बोलायचं.

शहापूरचे_काका

हे निपाणीनं बरोबर सांगितलं. आर.सी. बुक नसेल तर विम्याचे कागद, नाहीतर त्या काळच्या पेट्रोलच्या पावत्या बघ, लोक सगळं जपून ठेवायचे. काहीच नाही मिळालं तर गाडी जुन्या रंगात असताना काढलेला दुसरा फोटो, ज्यात शेजारी रंग माहीत असलेली वस्तू आहे, म्हणजे पोस्टाची पेटी वगैरे, त्यावरून निदान गडद की फिकट एवढं ताडता येतं.

आणि फिकट हिरवी मिळत असेल, किंमत बरी असेल, तर घेऊन टाक. नवं मॉडेल रंगवायला माझी हरकत नाही, ते कलकत्त्याचं नव्हे. बॉडी वेगळी कर, काचा आणि क्रोमचे तुकडे काढून ठेव, प्रायमरचे पातळ दोन हात मार, घाईनं एकच जाड नको. जाळीवरचं क्रोम झाकायला विसरू नको, एकदा रंग बसला की परत चमक येत नाही.

टिळकवाडी_पोरगा

आर.सी. बुक सापडलं!! ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्राखाली. रंगाच्या रकान्यात इंग्रजीत ग्रे लिहिलंय. नंबर एम वाय नंच सुरू होतोय. आत्या बरोबर. बाबांना अजून सांगितलं नाही, मॉडेल हातात देतानाच सांगणार.

उद्यमबागवाले दादा, स्टेअरिंगचं भोक पाडायला तुमच्याकडं बारीक ड्रिल आहे का? माझ्याकडं भिंतीत खिळे ठोकायचं आहे, त्यानं डॅशबोर्डच जायचा.

उद्यमबाग_पॅटर्नवाला

पिन व्हाइस आहे, हातानं फिरवायचा, अर्ध्या मिलिमीटरपासून बिट आहेत. रविवारी सकाळी दहानंतर ये, तिसऱ्या गेटजवळ फोन कर. येताना गाडी डब्यासकट आण, बॉडी उघडू नको आधी, स्क्रूचं तोंड बघूनच स्क्रू ड्रायव्हर काढतो. आणि निकी पण आण, टायरचं माप घेऊया.